कुणाला सांगू नका

या लेखात मधुमेह झालेल्या एकाही माणसाचं नाव येणार नाही. प्रत्येकाने बोलण्याआधी तशी अटच घातली होती. "जिल्हा लिहा फार तर. शाळेचं नाव अजिबात नको," असं नाशिककडच्या एका शिक्षिकाबाई पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. कोल्हापूर विभागातल्या एसटी वाहकाला धाकधूक होती ती डेपोची. "एकदा कागदावर आलं की लांबच्या गाडीची ड्यूटी देतील का नाही, कुणी सांगावं?" सांगलीकडच्या एका गृहस्थांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. उसाच्या रसाचा उतारा काढण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला गावातल्या पारावर काय ऐकून घ्यावं लागेल, याची त्यांना पूर्ण कल्पना होती. आणि पुण्यात हिंजवडीला नोकरी करणाऱ्या, तिशीही न गाठलेल्या एका मुलीला तिच्या आईने रिपोर्ट पाहिल्यावर पहिलं वाक्य ऐकवलं होतं: "कुणाला सांगू नकोस."

हा आजार लाखात एखाद्याला होणारा असता, तर ही लपवाछपवी समजू शकली असती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर, आपल्या बोलीत 'बॉर्डरवर' आहेत. सगळ्या राज्यांत पहिला क्रमांक गोव्याचा. तिथे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे चार मोठ्या माणसांत एकाहून अधिक. ज्या गोव्यात शेजारच्या घरातही हाच आजार असण्याची एवढी शक्यता आहे, तिथल्या फोंड्याच्या एका गृहिणीने शेजारणीला कळू नये म्हणून गोळ्यांची रिकामी पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळून टाकायची सवय लावून घेतली होती. एवढ्या गर्दीत माणूस एवढा एकटा कसा पडतो, हे समजून घ्यायला मी या लोकांकडे गेले होते.

*

टाइप टू मधुमेहाचं निदान पुष्कळदा भलत्याच कामात होतं. विम्याची तपासणी, कंपनीचं वार्षिक चेकअप, मोतीबिंदू. शिक्षिकाबाईंचं झालं ते गर्भाशयाच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत. रिपोर्ट फोनवर आला तेव्हा त्या बसथांब्यावर उभ्या होत्या. उपाशीपोटीची १६८, तीन महिन्यांची ८.१. आकडे ठळक अक्षरांत, बाजूला बाण. डॉक्टरांची भेट दुसऱ्या दिवशी होती. मधली रात्र त्यांनी फोनवर वाचत काढली आणि पहाटेपर्यंत डोळे, मूत्रपिंड, पाय असं एकेक अवयव करत स्वतःचं सगळं शरीर घालवून बसल्या.

"दुखत काहीच नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "दुखत असतं तर पटलं असतं."

हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. ताप येतो, हाड मोडतं, तेव्हा शरीर आधी सांगतं आणि डॉक्टर नंतर. इथे कागद सांगतो आणि शरीर गप्प असतं. मग माणूस कागदावर विश्वास ठेवत नाही. काही प्रमाणात हा अविश्वास योग्यही आहे. लक्षणं नसतील तर एका चाचणीवर निदान पक्कं करू नये, दुसऱ्यांदा खात्री करावी, असं वैद्यकशास्त्रच सांगतं. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त, या निदानाच्या रेषा आहेत. बाईंनी दुसऱ्या लॅबमध्ये तपासलं ते बरोबर केलं. पण त्यानंतर त्या तिसऱ्या लॅबमध्ये गेल्या, मग माहेरच्या गावातल्या चौथ्या. चारही ठिकाणी आकडे पाच-दहाच्या फरकाने तेच आले. त्या खात्री करत नव्हत्या, कुणीतरी 'नाही' म्हणावं म्हणून हिंडत होत्या.

वाहकाचं वेगळं झालं. त्याला लक्षणं होती आणि ती कामाच्या आड येत होती. सारखी लघवीला लागायचं. भरलेली गाडी घाटात असताना ते कुणाला सांगणार? म्हणून त्याने पाणीच प्यायचं सोडलं. घसा कोरडा पडायचा, डोकं धरायचं, प्रवाशांवर खेकसणं व्हायचं. आजार कळला तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं, कारण त्रासाला नाव मिळालं. दोन-तीन दिवसांत ती सुटका विरली आणि भीती बसली. गोळ्यांचं पाकीट तो पैशाच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवायचा आणि वस्तीच्या गाडीवर असला की सगळे झोपल्यावर गोळी घ्यायचा. जी गोळी जेवणाबरोबर घ्यायची, ती अशी मध्यरात्री रिकाम्या पोटी गेली की पोट बिघडायचं. मग त्याने ठरवलं, गोळीच सोसत नाही.

लपवण्याची किंमत ही अशी रोजच्या व्यवहारात मोजावी लागते.

*

पहिल्या भेटीत डॉक्टर जे सांगतात त्यातलं फारच थोडं डोक्यात राहतं. भेट काही मिनिटांची, बाहेर रांग. पण एखादं वाक्य मात्र दगडावर कोरल्यासारखं राहतं. सांगलीच्या काकांना आठवत होतं, "आता गोळी आयुष्यभर." पुढे डॉक्टरांनी काय समजावलं ते त्यांनी ऐकलंच नाही. ते वाक्य ऐकताच त्यांच्या डोळ्यांसमोर वडील आले. वडिलांचा पाय मिरजेला काढला होता. अंगठ्याला ठेच लागली, जखम चिघळली, आणि शेवटची काही वर्षं वडील ओसरीवरच्या खाटेवरून उठले नाहीत. "मला साखर निघाली म्हटल्यावर मी पहिल्यांदा पायाकडं बघितलं," काका म्हणाले.

आपल्याकडे नव्याने निदान झालेला माणूस एकट्या आपल्या आजाराला तोंड देत नसतो. आजोबांचा पाय, मावशीचे डोळे, शेजारच्या आबांचं डायलिसिस, हे सगळं त्याच्याबरोबर दवाखान्यात येऊन बसतं. म्हणून वडिलांच्या आणि मुलाच्या आजारातलं अंतर कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं. ते अंतर मोठं आहे. त्या पिढीत आजार कळायचाच मुळी जखम बरी होईना तेव्हा, म्हणजे आत बरीच वर्षं मुरल्यावर. घरी तपासायचं तर बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची आणि रंग हिरवा होतो, पिवळा होतो की विटकरी होतो ते बघायचं. तो रंगही काही तासांपूर्वीची गोष्ट सांगायचा. औषधं मोजकी होती. दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासावा, पायाची संवेदना बघावी, लघवीतली प्रथिनं मोजावीत, ही शिस्त रुजलेली नव्हती.

ब्रिटनमध्ये १९७७ साली नव्याने निदान झालेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांचा एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. वीस वर्षांनी, १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. साखर अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्या गटात डोळे आणि मूत्रपिंडांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतं. त्याहून विलक्षण गोष्ट पुढे कळली. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर लवकरच सारखी झाली, तरी दहा वर्षांनंतर, २००८ साली पाहिलं तर सुरुवातीच्या काळात साखर नीट ठेवलेल्यांचा फायदा टिकून होता. सुरुवातीची वर्षं शरीर लक्षात ठेवतं.

मला या लेखात जे सांगायचं आहे ते इथे आहे. ज्या वर्षांत उपचारांचा सर्वांत जास्त उपयोग होतो, नेमकी तीच वर्षं माणूस लाजण्यात, लपण्यात आणि लॅब बदलण्यात घालवतो. त्याला नुसती गोळी देऊन, आहाराचा छापील कागद हातात ठेवून घरी पाठवणं हे अर्धवट उपचार आहेत. मनाचं काय झालंय हे विचारणं हा सौजन्याचा भाग मानला जातो. तो औषधोपचाराचाच भाग आहे असं माझं ठाम मत झालं आहे.

*

या सगळ्या लपण्याच्या मुळाशी एक समजूत आहे: तुझ्या तोंडाने तू हे ओढवून घेतलंस. गोड खाल्लंस, बसून राहिलास, ऐकलं नाहीस. नातेवाईक हे बोलतात आणि त्याच्या आधी माणूस स्वतःच स्वतःला बोलून मोकळा झालेला असतो. शिक्षिकाबाई अंगाने बारीक. चहा कायम बिनसाखरेचा, आठवड्याला दोन उपास. त्यांच्या नणंदेने विचारलं, "तुला कसा झाला?" त्या प्रश्नात सहानुभूतीपेक्षा संशय जास्त होता, जणू काही त्यांनी कुठेतरी चोरून खाल्लंच असणार.

या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचं मोठं काम पुण्यात झालं आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला. जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला ते ३.५ किलो होतं. आपली बाळं लहान, हे अपेक्षितच होतं. धक्का पुढे होता. बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान असले तरी चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबी राखून असलेलं बाळ, असं ते चित्र होतं. पुढे २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर एक छायाचित्र छापलं. दोघे शेजारी शेजारी उभे. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही २२.३, अगदी सारखं. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मला ते छायाचित्र प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावावंसं वाटतं. 'बारीक माणसाला कसा झाला' याचं उत्तर त्यात आहे. आपलं शरीर कमी वजनातही साखरेच्या आजाराकडे झुकलेलं असतं, आणि ही घडण आपण पहिला लाडू खाण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

हे वाचून कुणी आईकडे बोट दाखवू नये. भर उन्हात शेतात राबणारी, सगळ्यांचं झाल्यावर जेवणारी, गरोदरपणातही दोन घास कमीच मिळालेली ती बाई होती. तिच्या पोटात कमी पडलं ते पिढ्यान् पिढ्यांच्या दारिद्र्याने आणि बायकांनी शेवटी जेवायच्या आपल्या रीतीने. त्यात घराण्यातून आलेला वारसा मिसळतो, वय मिसळतं, बैठं काम, अपुरी झोप, स्वस्त आणि सतत हाताशी असलेलं खाणं मिसळतं. यातलं काही आपल्या हातात असतं आणि तिथे काम करायलाच हवं. चालणं, ताटातला भात-पोळीचा वाटा कमी करणं, वजन उतरवणं यांनी आजार खरोखर वाकतो. पण उपचारात स्वतःचा वाटा उचलणं वेगळं आणि आजाराचा गुन्हेगार ठरणं वेगळं. गुन्हेगार ठरवलेला माणूस गुन्हेगारासारखाच वागतो. पुरावे लपवतो, तपासणी टाळतो, डॉक्टरांशी खोटं बोलतो. शिक्षिकाबाईंनी पुढच्या तपासणीच्या आधी तीन दिवस जवळजवळ उपाशी राहून उपाशीपोटीची साखर खाली आणली होती. एचबीएवनसीने ते उघडं पाडलं. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांच्यावर चढलेली साखर तेवढ्या काळाचा हिशेब ठेवते. डॉक्टर रागावले. बाईंनी पुढचे पाच महिने त्या दवाखान्याची पायरी चढली नाही.

*

आजार एकाला होतो आणि घरभर पसरतो. बाईंच्या यजमानांचं बायकोवर प्रेम आहे, त्याबद्दल मला शंका नाही. त्यांनी साखरेचा डबा कपाटात ठेवला, आहाराचा तक्ता फ्रीजवर चिकटवला, आणि पहारा सुरू केला. "हे चालतं का तुला?" दिवसातून दहा वेळा. हळदीकुंकवाला गेलेल्या ठिकाणी तिळाचा लाडू बाईंच्या हातात होता, तो न्यायला आलेल्या यजमानांनी चारचौघींत काढून घेतला. त्या रात्री बाई स्वयंपाकघरात दिवा न लावता उभ्या राहिल्या आणि डब्यातले चार लाडू एकामागून एक खाल्ले. "भूक नव्हती. गोडाची इच्छाही नव्हती. राग होता," त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांना रडू आलं आणि मला विचारावंसं काही उरलं नाही.

फोंड्याच्या गृहिणीच्या घरात याच्या उलट. तिथे पहारा नाही, दखलच नाही. तिच्या नवऱ्यालाही मधुमेह आहे. त्याला तो निघाला तेव्हा घरात नाचणी आली, उकडा भात मोजून वाढला जाऊ लागला, त्याच्यासाठी वेगळी भाजी होऊ लागली. ते सगळं तिनेच केलं. चार वर्षांनी तिला निघाला तेव्हा काहीच बदललं नाही. दुपारी तीनला सगळ्यांचं आवरल्यावर उरलेलं शीत-कढी ती जेवायची, अजूनही जेवते. "माझ्यासाठी वेगळं करायचं म्हणजे लाड," ती म्हणाली. वेळेवर जेवा, संध्याकाळी अर्धा तास चाला, हे सल्ले तिला कुणी द्यायचे आणि तिने कुठल्या वेळात पाळायचे? बाईमाणसाच्या मधुमेहाबद्दल बोलताना आहाराच्या आधी घरातल्या कामाच्या वाटणीबद्दल बोलायला हवं. ते न बोलता दिलेला तक्ता तिच्या अपराधी वाटण्यात भर घालतो, एवढंच.

या मानसिक ओझ्याचा शास्त्रीय विचार मधुमेहाच्या जगात फार जुना नाही. अमेरिकेत बोस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रात विल्यम पोलॉन्स्की या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९९५ साली २० प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. आजाराचा विचार आला की भीती वाटते का, पथ्य मोडलं की अपराधी वाटतं का, घरचे समजून घेत नाहीत असं वाटतं का, या सगळ्याचा कंटाळा आलाय का. पुढे १७ प्रश्नांची दुसरी मोजपट्टी आली. तीत या त्रासाचे चार उगम धरले आहेत: आजाराचं भावनिक ओझं, डॉक्टरांशी असलेलं नातं, पथ्यपाण्याचा जाच आणि आपली माणसं. बाईंचे आणि गृहिणीचे प्रश्न चौथ्या उगमाचे, वाहकाचा तिसऱ्या. उगम वेगळा तर उपायही वेगळा. ज्याला ड्यूटीमुळे वेळेवर जेवता येत नाही त्याला सकारात्मक विचार करायला सांगून काही होत नाही. त्याची गोळी आणि जेवण ड्यूटीत बसवून द्यावं लागतं.

हा त्रास म्हणजे नैराश्य नव्हे. पुष्कळांना होतो, आणि योग्य मदत मिळाली की ओसरतो. पण काहींच्या बाबतीत तो खोल उतरतो. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळलं आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नाही, झोप उडते किंवा संपतच नाही, जगणं नको वाटतं, अशा वेळी पथ्याची चर्चा बाजूला ठेवून मानसोपचार घ्यायलाच हवेत. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते आणि ती मोफत आहे.

मन आणि साखर एकत्र सांभाळली तर काय होतं, हे भारतातच तपासून झालेलं आहे. दिल्ली, चेन्नई, बंगळूर आणि विशाखापट्टणम इथल्या चार केंद्रांत, साखर आटोक्यात नसलेले आणि नैराश्यही असलेले ४०४ रुग्ण निवडले गेले. अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांसाठी प्रत्येक ठिकाणी एक प्रशिक्षित समन्वयक नेमला. तो डॉक्टर नव्हता. तो रुग्णाशी नियमित बोलायचा, मनःस्थिती विचारायचा, अडचणी टिपायचा आणि मधुमेहतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ त्या नोंदींवरून उपचार बदलायचे. दोन वर्षांनी या गटात ७१.६ टक्के लोकांचं नैराश्य निम्म्यावर येऊन त्याबरोबर साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक गोष्ट सुधारलेली होती. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ५७.४ टक्के होतं. २०२० साली 'जामा' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. त्यासाठी नवं औषध लागलं नव्हतं. विचारणारा एक माणूस लागला होता.

*

हिंजवडीच्या मुलीने आपल्या आजाराला कामाच्या पद्धतीनेच हात घातला. ग्लुकोमीटर आणला, दिवसातून सहा-सात वेळा बोट टोचायची, सगळे आकडे तक्त्यात भरायची. रात्री नुसतं सूप पिऊन झोपायची, आणि सकाळी मशीन १४८ दाखवायचं. रात्री झोपतानाचा आकडा त्याहून कमी असायचा. "मी खाल्लंच नाही तर वाढली कुठून? मला फसवल्यासारखं वाटायचं. मशीन फेकून द्यावंसं वाटायचं." तिला कुणी सांगितलं नव्हतं की पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीत काही संप्रेरकं सोडतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. मधुमेहात ती आवरायला इन्सुलिन अपुरं पडतं. काळजीनेही हेच होतं. ताणाची संप्रेरकं साखर वाढवतात. म्हणजे आकड्याच्या धास्तीने आकडा चढतो आणि चढलेला आकडा धास्ती वाढवतो. तिच्या नव्या डॉक्टरांनी पहिलं काम केलं ते तपासण्यांची संख्या कमी करण्याचं. आठवड्यातले ठरावीक दिवस, ठरावीक वेळा, आणि आकड्याशेजारी 'काय खाल्लं' याबरोबर 'झोप कशी झाली' हेही लिहायचं. मशीनवरचा आकडा औषध ठरवण्यापुरता असतो, ती त्या मुलीची परीक्षा नव्हती, हे तिला असं हळूहळू उमगलं.

मग येतात बरं करण्याची आश्वासनं. निदानाची बातमी फुटली की आठवड्याभरात कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड, विजयसाराचा पेला, सगळं घरी येऊन पडतं. देणाऱ्यांची माया खरी असते. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा जो प्रसार केला, त्याने असंख्य लोकांना पहिल्यांदा 'माझ्या हातात काही आहे' असं वाटायला लावलं. ही भावना औषधाइतकी मोलाची आहे. पण ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता जेवणं गाळली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि आशेला एक दुसरी बाजू असते. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आजार सहा वर्षांच्या आतला असलेल्या लोकांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास उष्मांकांचा आहार दिला. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्के राहिलं. ही फार मोठी गोष्ट आहे, आयुष्यभराचीच शिक्षा असं मानलेल्या आजारात दार उघडल्याची. तरी तज्ज्ञांची साथ असलेल्या प्रयोगातसुद्धा निम्म्याहून जास्त लोकांना ते साधलं नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

सांगलीचे काका अशाच एका व्हॉट्सॲप समूहात होते. रोज कुणाचे तरी आधीचे-नंतरचे रिपोर्ट, टाळ्या, फुलं. काकांनी तीन महिने जिवापाड पाळलं. वजन उतरलं, साखरही उतरली, पण गोळी सुटेल एवढी नाही. समूहात त्यांनी रिपोर्ट टाकलाच नाही. आधी आजार लपवला होता, आता बरं न होणं लपवलं. पुढे डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन सुचवलं तेव्हा ते कोसळलेच. 'इन्सुलिनवर टाकलं' हे आपण 'व्हेंटिलेटरवर टाकलं'च्या सुरात बोलतो. खरं पाहता स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचा बराच भाग निदान होईपर्यंतच दमलेला असतो आणि पुढेही दमत जातो. पथ्य पाळणाऱ्यालाही बाहेरून इन्सुलिन लागू शकतं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोच्या रुग्णालयात ज्या पहिल्या मुलाला ते टोचलं, त्याच्या आधी लहानपणी होणारा मधुमेह म्हणजे मृत्यूच होता. तेच औषध घरात आलं म्हणून माणसाने मान खाली घालावी, हे मला फार दुःखाचं वाटतं.

काकांना सावरलं ते त्यांच्याच कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने. तो संध्याकाळी फिरताना भेटला, बाकावर बसला आणि शर्ट वर करून पोटावरच्या सुयांच्या खुणा दाखवल्या. आठ वर्षं घेत होता. शेजारी राहून काकांना पत्ता नव्हता.

वाहकाचंही असंच. एका वस्तीच्या गाडीवर चालकाने त्याला मध्यरात्री गोळी घेताना पाहिलं आणि काही न बोलता आपलं पाकीट काढून शेजारी ठेवलं. तीच गोळी, तीच कंपनी. त्या दिवसापासून दोघे रात्रीच्या जेवणाबरोबर एकत्र गोळी घेतात आणि गाडी जरा लांबच्या थांब्यावर पाच मिनिटं जास्त उभी करतात. वाहकाचं पोट आता बिघडत नाही. मोठाल्या समुपदेशनाआधी अशी बरोबरीची माणसं भेटणं किती गरजेचं आहे, हे मला या दोघांनी शिकवलं. प्रत्येक डेपोत, प्रत्येक शाळेत, प्रत्येक सोसायटीत अशी पाकिटं आत्ताही खिशात आहेत. शिक्षिकाबाईंचं मात्र अजून जुळलेलं नाही. यजमान एकदा आहारतज्ज्ञाकडे बरोबर गेले, जेवताना बोलायचं नाही असं ठरलं, ते पंधरा दिवस टिकलं. यंदा दिवाळीचा फराळ नेहमीसारखाच करायचा, पण कमी, आणि ताटात काय घ्यायचं ते आपण ठरवायचं, एवढं त्यांनी घरात सांगून ठेवलं आहे.

*

शेवटी मी लातूर जिल्ह्यातल्या एका आशा सेविका ताईंना भेटले. सरकारी कार्यक्रमानुसार तिशीवरच्या प्रत्येकाचा तपासणी-फॉर्म त्या घरोघर जाऊन भरतात: तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला साखर-बीपी आहे का. त्याच फॉर्ममध्ये मनाबद्दलचेही दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, उदास वाटलंय का. ते विचारले जातात आजार कळायच्या आधी. आजार कळल्यावर, जेव्हा त्यांची खरी गरज असते, तेव्हा तेच दोन प्रश्न पुन्हा विचारावेत अशी व्यवस्था उभी राहायला हवी. त्याला पैसाही लागणार नाही.

ताईंना स्वतःचा मधुमेह कळला तो शिबिरात. यायला माणसं बिचकत होती म्हणून धीर द्यायला त्यांनी सगळ्यांसमोर पहिलं बोट आपलं पुढे केलं. मशीनने २१२ दाखवलं. नर्सबाईंनी आकडा मोठ्याने वाचला आणि गावाला त्यांच्या आधी कळलं. त्यांना लपवायला वेळच मिळाला नाही. "बरं झालं म्हणा की," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी घरी जाऊन मी चूल पेटवली नव्हती."

आता कुणाची साखर जास्त निघाली की त्या काय करतात, ते मी विचारलं.

"आकडा मोठ्यानं वाचत नाही. बाजूला घेते. आधी विचारते, घरी कोण आहे, आज जेवलीस का, सोबत कुणाला आणलंस का. मग सांगते, मला पण आहे, ही बघ माझी गोळी. आरोग्य केंद्राची तारीख लिहून देते, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या घरी जाते. तिसऱ्या दिवशी जायलाच लागतं. पहिल्या दिवशी बाया हो-हो म्हणतात. विचारायचं ते तिसऱ्या दिवशी सुचतं."